आप्पांची वाघीण

आप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्या श्वानपथकातल्या त्या डॉबरमन कुत्रीचा मला अजून हेवा वाटतो. तिचं नाव मी इथेही लिहिणार नाही.

मी दहावीत होते. आई आणि मी कोरीटला मामांकडे गेलो होतो. सकाळी शेजारच्या कपाशीत एका शेतकऱ्याचं प्रेत सापडलं. बाजूला एक चप्पल पडली होती, ती त्याची नव्हती. जीपमधून तुम्ही दोघं उतरलात. मी धावले तर आईने हात धरला. "बाप ड्युटीवर शे, मधमा जाऊ नको." तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. चप्पल तिच्या नाकाशी धरलीत आणि तिच्या कानाशी काही पुटपुटलात. इतक्या हळू आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. ती कपाशीतून नाल्याकडे जाते, पाण्याशी घुटमळते, पलीकडे चढते, आणि तुम्ही तिच्यामागे ओढले जाता. ती थांबली ती मेलेल्याच्याच अंगणात. त्याचा चुलतभाऊ तिथे तिरडी बांधत होता. त्याच्यासमोर बसून ती भुंकू लागली. "मी ते घरनाच माणूस शे," तो म्हणाला. नुसत्या भुंकण्यावर कोर्ट ऐकत नाही, म्हणून साहेबांनी झडती घेतली. चाऱ्याखाली त्याचा रक्ताळलेला सदरा निघाला. रक्त मेलेल्याचंच असल्याचं पुढे प्रयोगशाळेने सांगितलं. भांडण बांधाचं होतं. सगळं गाव त्याला जीपमध्ये बसवताना बघत होतं, मी तुम्हाला बघत होते. गुडघे टेकून तुम्ही स्वतःच्या रुमालाने तिचं तोंड पुसत होतात. "शाब्बास, मन्ही वाघीण." मी शाळेत पहिली आले तेव्हा तुम्ही नुसतं "बरं" म्हणाला होतात.

आता मीही पोलिसात आहे. परवा खापर गावातल्या एका खुनातला संशयित मी शोधला. मोबाइलचं लोकेशन काढलं, पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात त्याची लंगडी चाल ओळखली. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मला मात्र तुमचंच ऐकू येत होतं, की तिने तर नुसत्या वासावर काढला असता.

शेवटच्या आजारात, बोलणं जवळपास थांबलेलं असताना, तुम्ही तिला हाक मारलीत. मी ओ दिली. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, मानेपाशी जरा खाजवलंत आणि झोपलात. आईने बाहेरून विचारलं, "कोनले हाका मारी ऱ्हायनात?"

"मले," मी म्हटलं. आई ते अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. म्हणून हा कागद घरात ठेवता येणार नाही.