ताई ओरडली होती

अंबरनाथ,
सोमवार, ता. ५ एप्रिल १९५४

ती. आत्याबाईंस,
पद्मजाचा सप्रेम सलाम.

इकडे ताई आणि मी आहोत. खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण ते खरं नसल्यामुळे लिहीत नाही. बदलापूरला तुमच्या विहिरीला अजून पाणी टिकून आहे असं परवा कळलं. बरं झालं.

आधी माझ्या फेब्रुवारीतल्या पत्रातली चूक दुरुस्त करते. त्यात मी लिहिलं होतं की जयदेवरावांनी पाट फेकून मारला तेव्हा कुमुदिनीताईने हूं की चूं केलं नाही, हातातली जपमाळ सोडली नाही, आणि नंतर ती त्यांच्याकडे पाहून हसली. हे असं झालं नाही. ताई ओरडली होती. उल्हासनगरची ती बराक अख्खी गोळा व्हावी इतकी ओरडली. जपमाळ खुंटीवर होती. त्यांनी तिचे केस धरले तेव्हा तिने त्यांच्या मनगटाला चावा घेतला, दात उमटले. 'तुझं वाटोळं होईल' असं ती म्हणाली. मी डबा घेऊन दारात उभी होते, मी हे ऐकलं. आणि ती हसत नव्हती. ओठ फाटला होता, त्यामुळे तोंड मिटत नव्हतं.

शेजारच्या ईश्वरीबाई तक्त्यांच्या भिंतीपलीकडून धावत आल्या. पापड लाटता लाटता उठल्या होत्या, लाटणं हातातच होतं. त्या जयदेवरावांना म्हणाल्या, "बाहेर निकल. नहीं तो सारा कॅम्प बुलाती हूँ." ते निघून गेले. मग ताईला म्हणाल्या, "अदी, अच्छा किया चिल्लाई." सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. हे सगळं मी पत्रात लिहिलं नव्हतं.

का लिहिलं नव्हतं, याचा मी महिनाभर विचार करते आहे. तुम्हाला फसवायचा हेतू नव्हता. आई गेल्यावर तुम्हीच आम्हा दोघींना घरी बसवून शिकवलंत. रोज संध्याकाळी एका संताचं चरित्र, आणि शेवटी प्रश्न, "आज यातलं तुम्ही काय केलंत?" मी अंथरुणाखाली चिंचोके घालून झोपत असे आणि सकाळी तुम्हाला पाठ दाखवत असे. तुम्ही गुळाचा खडा द्यायचात. तुमच्या गोष्टी एकाच वाटेने जायच्या. दुःख आलं, संत गप्प राहिला, त्याने क्षमा केली, देवाने त्याचा गौरव केला. दुसऱ्या तऱ्हेने दुःख सांगता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी ताईचं लिहायला बसले आणि हात आपोआप त्या वाटेने गेला.

पण ते पत्र तुमच्यासाठी होतं. उपवासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी क्रुसाची वाट झाल्यावर तुम्ही ते बायकांपुढे मोठ्याने वाचलंत, आणि ताईला, पाटाने दुखावलेला हात गळ्यात बांधलेला असताना, पुढे बसवलंत. म्हाताऱ्या बायकांनी तिच्या पदराला हात लावून डोळ्यांना लावला म्हणे. अंबरनाथला परत आल्यावर ती मला म्हणाली, "पद्मे, माझ्याकडे असं कधी कुणी पाहिलं नव्हतं गं." मी म्हणाले, "पण ताई, तू तर ओरडली होतीस." ती म्हणाली, "ते त्यांना कुठे ठाऊक आहे? आता तसं व्हायला हवं."

त्या सोमवारी ती आपणहून जयदेवरावांकडे नांदायला गेली.

पुढचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. दुसऱ्या वेळी ताई खरोखरच ओरडली नाही. पत्रात होतं तशी ती वागली. जपमाळ हातात घेतली, गप्प राहिली. म्हणून ईश्वरीबाई आल्या नाहीत. तक्त्यांच्या भिंतीपलीकडे त्या जाग्या होत्या, त्यांनी भांडी पडल्याचा आवाज ऐकला, पण बाईचा आवाज नाही म्हणून त्या पडून राहिल्या. सकाळी नळावर ताई दिसली नाही तेव्हा त्या आत गेल्या. मला म्हणाल्या, "तुम्हारा भगवान रोने को मना करता है क्या?" मी तुमच्याकडून बरंच शिकले आहे, पण याचं उत्तर त्यात नव्हतं.

डाव्या कानाने ताईला आता ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, येणारही नाही. त्या माणसाला राव म्हणणं मी या पत्रापासून सोडते.

गेल्या रविवारी तुम्ही इथे आलात. माझ्या खोलीत, माझ्या शाळेतल्या मुलांच्या पाट्यांशेजारी बसून तुम्ही ताईला संत मोनिकेची गोष्ट पुन्हा सांगितलीत. तापट नवरा, उद्धट सासू, आणि तिची सहनशक्ती. ताईने मान वळवून उजवा कान पुढे केला. "आत्याबाई, या बाजूने बोला. तिकडून जात नाही आत." तुम्ही तीच गोष्ट त्या बाजूला सरकून पहिल्यापासून सांगितलीत. मी चहा ओतत होते. त्या क्षणी तुमचा इतका राग आला की किटली खाली ठेवावी लागली.

मी काही म्हणाले तर तुमचं ठरलेलं. "तू अजून कुवार आहेस. तुला काय कळतं? चार बुकं शिकली आणि संतांना शहाणपण शिकवायला निघाली."

संतांना शिकवत नाही. ती चरित्रं मी या महिन्यात पुन्हा आठवून पाहिली, एकेक करून. फ्रान्सिसने बापाने दिलेले कपडे उतरवून त्याच्या पुढ्यात टाकले. कॅथरीनने लग्न ठरवणाऱ्यांसमोर केस कापले. क्लारा घरातून पळाली, आणि तिच्या मागोमाग तिची धाकटी बहीण अ‍ॅग्नेस. अ‍ॅग्नेसला ओढून न्यायला नातेवाईक आले, तर तिचं अंग इतकं जड झालं की कुणाला उचलेना. तुम्ही ते चमत्कार म्हणून सांगायचात. मला आता एवढंच दिसतं की तिला जायचं नव्हतं, आणि देव तिच्या बाजूने होता. घरच्यांचं ऐकून संत झालेलं यांच्यात कुणी नाही, आत्याबाई. हे सगळं तुम्हीच आम्हाला शिकवलंत, आणि त्यातून नेमकी मोनिका तेवढी ताईसाठी काढलीत.

एक चरित्र तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. ते लिहू नये असं मी चार दिवस ठरवत होते.

मी सहाएक वर्षांची असेन. नगरकडे होतो आपण. दुपारी दारात एक माणूस आला, डोक्याला मळकं मुंडासं. तुम्ही कणगीमागे जाऊन बसलात. बाबा उंबऱ्यात आडवे बसले आणि म्हणाले, "कौसा इथे नाही." खोटं बोललं की आम्हाला एक वेळ उपाशी ठेवणारे आपले बाबा. नंतर मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "सुऱ्यांना धार लावणारा होता." त्याच्याजवळ चाक नव्हतं. मला ते तेव्हाही खटकलं होतं.

बाबांनी आजारपणात मला सांगितलं. तो तुमचा नवरा होता. तुमच्या पाठीवर डाग दिलेले होते. तुम्ही पळून आलात आणि बाबांनी तुम्हाला परत पाठवलं नाही. फादरांनी सांगितलं, पाटलांनी सांगितलं, तरी नाही. पुढे तो कुठे रस्त्यावर दारू पिऊन मेला, आणि तेव्हापासून कौसा स्वतःला माफ करत नाही, असंही बाबा म्हणाले. बदलापूरला तुम्हाला सगळे विधवा म्हणून ओळखतात. ते खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

मला तुमची कीव येते. ती येऊ नये असं वाटतं, कारण मग रागात पाणी पडतं. पण तुम्हाला प्रायश्चित्त करायचं असेल तर स्वतःच्या गुडघ्यांवर करा. ताईच्या अंगावर करू नका.

तुमचा निरोप पोचला. या शुक्रवारी, दुःखी मातेच्या दिवशी, बायकांपुढे जयदेव दारू सोडल्याची शपथ घेणार, ताई त्याला हार घालणार, आणि तुम्ही दोघांना गाडीत बसवून देणार. ताई येणार नाही. तिला मी विचारलं. ती म्हणाली, "पद्मे, मला पुन्हा संत व्हायचं नाही." ईश्वरीबाई तिच्या सोबतीला इथे येऊन बसणार आहेत. लाटणं घेऊनच येते म्हणाल्या.

मी येणार आहे. मी पापनिवेदनात माझ्या पत्राबद्दल सांगितलं. फादर म्हणाले, ज्यांनी खोटं ऐकलं त्यांनाच खरं ऐकवलं पाहिजे, बाकी जपांनी ते भरून येत नाही. मला चार माणसांपुढे बोलायची भीती वाटते हे तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी प्रार्थना म्हणताना माझा आवाज जायचा आणि तुम्ही मागून पुढचा शब्द सांगायचात. या वेळी सांगू नका.

मी चाव्यापासून कानापर्यंत सगळं सांगेन. तुमचं सांगणार नाही, ते माझं नाही. पण नवऱ्याला सोडलेल्या बाईचं देव काय करतो असं कुणी विचारलं, तर मी गप्प राहीन आणि तुमच्याकडे पाहीन. मग बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

हे पत्र तुम्हाला बुधवारपर्यंत मिळावं. जयदेवला यायचं असेल तर येऊ द्या, त्यानेही ऐकावं. शुक्रवारी, नऊ एप्रिलला, क्रुसाच्या वाटेचं चौदावं, शेवटचं स्थान झालं की तुम्ही काही वाचायला घेण्याआधी मी उठून उभी राहीन.

तुम्हीच शिकवलेली,
पद्मजा