इंजिन गार, पंखा चालू

३ मार्च

बॅटरी उतरली! रात्रभर पंखा चालू होता. गाडी बंद, किल्ली घरात खिळ्याला, आणि खाली बॉनेटमध्ये पंखा आपला घरघर घरघर. काल संध्याकाळीच आवाज येत होता. बाबांना म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "गार झाली की थांबेल." थांबला ना! बॅटरीचा जीव घेऊनच थांबला.

मला कळलं कामावर. बेकरीत पहाटेची पाळी, हात कोपरापर्यंत पिठात, फोन खांद्याने कानाला दाबलेला. आणि बाबा एकदम शांतपणे – "आज बेडकीचं पोहणं राहू दे." राहू दे काय राहू दे? निवड चाचणी याच महिन्यात आहे. सरांनी पालकांना बोलावून तोंडावर सांगितलंय – खाडे झाले की नाव काढणार, मग रडत येऊ नका. वर्षभर माझी पोरगी, ही बेडकी, अंधारात उठतेय ती कशासाठी?

तलाव शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या वेळेला बस नाही. मी कामावर, नवरा साइटवर महिनोन्‌महिने. उरले बाबा. जन्मभर बस चालवलेला माणूस, म्हणून निर्धास्त होते मी. आणि आता ही गाडी! ऐन वेळेला तोंड फिरवणारी!

४ मार्च

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, चार्ज केलेली बॅटरी लावताच पंखा परत सुरू; मग काळ्या डबीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टक टक केलं. पंखा थांबला. मी बघतच राहिले. म्हणाला, "रिले चिकटलाय, ताई. पंख्याला चालू-बंद करणारी डबी ही. आत चिकटली की पंखा थांबायचं नाव घेत नाही." मग बदल. "उद्या आणतो." या माणसाचं नाव काय आहे कोण जाणे, मी त्याला 'उद्या'च म्हणते. याच्या पंचांगात 'आज' नाहीच.

बाबा शेजारी उभे राहून सगळं नीट ऐकत होते. एवढ्या आस्थेने त्यांनी माझं कधी ऐकलं नाही.

६ मार्च

रिले बसला. पंखा गप्प. सुटले.

१० मार्च

परत!! पण या वेळी तऱ्हा वेगळी. रात्री गप्प. सकाळी बाबांनी किल्ली फिरवली आणि पंखा एकदम फुल स्पीडमध्ये. इंजिन बर्फासारखं गार, अजून सुरूसुद्धा झालेलं नाही, आणि पंखा पिसाळलेला. बाबांनी गाडी जागची हलवली नाही. "असली गाडी घेऊन पोरीला मोठ्या रस्त्यावर नेणार नाही." दुसरा खाडा.

अहो, पंखाच आहे ना! ब्रेक गेलाय का? पंखा फिरतोय म्हणजे गाडी गारच राहील की! हे मी फोनवर बोलले. बेकरीतल्या सगळ्यांनी ऐकलं. ऐकू देत.

११ मार्च

नवऱ्याचा फोन. साइटवर बसून तज्ज्ञ. "सेन्सर असेल. नाहीतर वायरिंग. नाहीतर कूलंट बघ." नाहीतर तू ये! दोन महिने झाले तुझं थोबाड बघून! हसला. म्हणाला, बाबा आहेत ना तिथे, त्यांना गाड्यांतलं सगळं कळतं. माझे वडील आणि याला भरवसा! फोन आपटला. काच वाचली.

१२ मार्च

'उद्या' म्हणाला – सेन्सर. इंजिनचा ताप मोजणारा. आश्चर्य म्हणजे आजच बदलला. जुना माझ्या हातात दिला, बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. यानं माझ्या घरात एवढा धुमाकूळ घातला? कचऱ्यात टाकला.

१४ मार्च

माझी सुट्टी. मीच नेलं बेडकीला. पंखा लागायचा तेव्हा लागला, थांबायचा तेव्हा थांबला. अगदी शहाण्यासारखा.

तलावाच्या कठड्यावर बसून तिला पाहिलं. पाण्यात ही कोणी दुसरीच असते. घरात बूट जागेवर ठेवता येत नाहीत, आणि पाण्यात कशी सरळ रेघ. डोळे पुसले मी. बाजूच्या बाई म्हणाल्या, क्लोरीन जास्त झालंय आज. मी म्हटलं, हो.

१७ मार्च

बस्स झालं! आज परत. किल्ली फिरवली की फुल स्पीड. आज पाळी उशिराची होती, म्हणून डोळ्यांसमोरच सगळं झालं. बेडकी बॅग पाठीला लावून उभी. बाबांनी किल्ली काढली, माझ्या हातात दिली – "उभी राहू दे गाडी काही दिवस."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही आयुष्यभर बस चालवली ना? की नुसतं स्टिअरिंग धरून बसत होता? एक पंखा कळत नाही तुम्हाला? रोज शे-दीडशे माणसं पोचवायचात, नात पोचवायची तर पंख्याला घाबरता!

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. याने मी जास्तच भडकले. भांडायचं तर भांडा ना! आई असती तर मला फटकारलं असतं. पण हे असे मुके! मग मीच घेऊन गेले, पंखा बोंबलत होता तसाच. उशीर झालाच. सर बेडकीला आत घेताना माझ्याकडे बघत होते, मी जणू पेताड आई.

१८ मार्च

सरांचा निरोप – आणखी एक खाडा झाला तर चाचणीला नाव नाही. नियम सगळ्यांना सारखा. मी म्हटलं, हो सर, नक्की सर. फोन ठेवून पिठाच्या गोळ्याला असे रट्टे घातले की शेजारची म्हणाली, अगं, त्याने काय केलं?

१९ मार्च

'उद्या'कडे जाऊन उभी राहिले. म्हटलं, आज माझ्यासमोर काय ते कर, नाहीतर ही गाडी तुझ्या दारात पेटवून देते. म्हणाला, "ताई, पंखा डायरेक्ट करून देतो. डॅशबोर्डवर बटण. वाटलं तर लावा, वाटलं तर बंद करा." म्हटलं, आणि म्हातारा माणूस लावायला विसरला, मग? इंजिन शिजलं, मग? डायरेक्ट म्हणे! यांच्या सगळ्या रोगांवर एकच औषध – डायरेक्ट.

मग गडी टॉर्च घेऊन आत वाकला आणि हसायला लागला. सेन्सरचा प्लग निघालेला! वायर नुसती लोंबत होती. म्हणाला, सेन्सरकडून खबर आली नाही की गाडी धरूनच चालते – ताप चढलाय. मग पंखा सोडते फुल. म्हणजे माझ्यासारखीच. पोरीला उशीर झाला की मीही आधी हॉस्पिटलच डोळ्यांसमोर आणते.

मी म्हटलं, तूच सैल बसवलास! परत परत यावं म्हणून! त्याचं तोंड लाल झालं. "ताई, याला लॉक आहे. बोटाने दाबून ओढल्याशिवाय निघत नाही. खड्ड्याने निघत नाही, उंदराने निघत नाही." म्हणजे भुताने काढला? "ते तुमचं तुम्ही बघा."

घरी येऊन बाबांना सांगितलं – मेकॅनिक चोर आहे. म्हणाले, "नाही गं. तो माणूस बरा आहे." बघा! जगाचे वकील!

२० मार्च

ठीक. आवाज नाही.

२३ मार्च

प्लग परत निघाला. आता मला बघता येतं – रेडिएटरच्या मागे, डाव्या हाताला, निळी टोपी. कामावरून येऊन हात घातला तर वायर मोकळी. मी टक्क दाबून बसवला. पंखा एका क्षणात गप्प. बाबांनी सरांना गयावया करून आजचा खाडा आजारपणात घालून घेतला, म्हणून नाव टिकलं. नशीब!

पण बॉनेटचा खटका गाडीच्या आत. गाडीला कुलूप. किल्ली आमच्या खिळ्याला. म्हणजे घरातलंच कोणीतरी! डोक्यात वीज चमकली – बेडकी! हल्ली ती गप्प असते. चाचणीचं काढलं की ताटात बघते. घाबरलीय आणि सांगत नाही. तलावावर जायला नको म्हणून हे उद्योग!

धरलं तिला. तूच काढतेस ना? खरं बोल! मी मरमर मरतेय आणि तू वायरी ओढतेस? ती मग जे रडायला लागली! "मला जायचंय! मला जायचंच आहे, आई!" रडता रडता आजोबांकडे बघत होती, वकील शोधल्यासारखी. बाबा उठून मध्ये आले. "तिला बोलू नकोस. तिने काही केलेलं नाही." तुम्हाला काय माहीत? "माहीत आहे." आणि खोलीत गेले, दार लोटून घेतलं.

सगळे एक झालेत. मीच तेवढी वाईट. असू दे. वाईट तर वाईट.

२४ मार्च

किल्ली माझ्या उशाखाली. बघते आता.

२५ मार्च

दोन्ही दिवस माझी पाळी उशिराची; निघायच्या वेळी मीच किल्ली हातात दिली आणि बाबा बेडकीला घेऊन गेले आणि आले. पंखा नाही, प्लग नाही, काही नाही. मी म्हटलं, बघितलंत? कोणी हात लावला नाही तर गाडी कशी सोन्यासारखी चालते! बाबांनी चहा तसाच टाकला. तोंड उतरलेलं. शर्ट पाठीला चिकटलेला, इतका घाम. म्हटलं, बरं वाटत नाही का? "बरा आहे." बेडकीही सरळ आंघोळीला गेली. यांना आनंद म्हणून होत नाही कशाचा!

२७ मार्च

सुपरवायझर रजा देत नव्हता. शनिवारी ऑर्डरी जास्त, म्हणे. मी टोपी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, उद्या माझी मुलगी पोहणार आणि मी तिथे असणार, पाव तुम्ही मळा. दिली रजा.

घरी सांगितलं – उद्या मी नेणार. मला वाटलं बाबा रुसतील, वर्षभर त्यांनी नेलं आणि मान मला. तर ते खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाले. दोनदा म्हणाले.

२८ मार्च

मी चालवत होते. पहिल्या सिग्नलला बेडकी शेजारून म्हणाली, "लाल." दुसऱ्याला, "पिवळा, पिवळा... लाल, थांब." तिसऱ्याला मी ओरडले – मला दिसतंय! आंधळी आहे का मी? ती मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "सवय लागलीय. आजोबांना सांगावं लागतं. कुठला दिवा लागलाय ते दिसत नाही त्यांना. तुला सांगू नको म्हणाले."

म्हणजे रोज. पोर सांगणार आणि ते चालवणार. आणि ज्या दिवशी धीर झाला नाही, त्या दिवशी खाली जाऊन प्लग काढायचा. मला सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं त्यांना.

निवड झाली. घरी आलो तर बाबा दारातच उभे. बेडकीला पोटाशी धरलं, माझ्याकडे बघितलं नाही. किल्ली मी पर्समध्येच ठेवली. त्यांनी मागितली नाही.