चांदवालं आणि तांबडी

बुलढाणा, ता. ४ डिसेंबर
थंडी कडक. कालचीच भाकर, कालचेच वांगे. पेन्शनीत रोज नवे काय लिहायचे? मडमबाईंच्या कुत्रीला दोन पिल्ले होऊन आज दीड महिना. साहेबांची बदली पचमढीस झाली, गाभण कुत्री प्रवासात नको म्हणून बाई माझ्याकडे ठेवून गेल्या. त्यांना मराठी शिकवले, एवढाच माझा अपराध. पण घरात कोणीतरी श्वास घेते आहे, बरे वाटते. आमची ही गेल्यापासून तीन वर्षे तेवढेही नव्हते.

ता. ९
मडमबाईंचे पत्र. शिपाई येईल, कुत्री आणि दोहोंतले उत्तम पिल्लू द्यावे, उरलेले मी ठेवावे.
उत्तम कोणते? सखाराम गवळ्याला बोलावले. बैलबाजारात त्याचा शब्द चालतो. दोन्ही पिल्ले उलटीपालटी करून पाहिली. "हे पाहा बाबूजी, कपाळावर चांद हाय, चारी पाय पांढरे. पंचकल्याणी म्हन्ते याले! अन् हे नुसतं तांबडं? त्याच्यात काय हाय?"
हायसे वाटले, खोटे कशाला बोलू. तांबडीच माझ्या धोतरात तोंड खुपसून झोपते.

ता. १२
शिपाई मोटारीने मलकापूरला रेल्वे गाठायला गेला. आई आणि चांदवाले नेले. चांगले होते ते दिले, मनाला रुखरुख नाही. तांबडी दिवसभर आईला शोधत कोपरे हुंगत फिरली, शेवटी माझ्या पायावर येऊन बसली. नाव ठेवले चिंगी.
"चिंगे, जेवतेस काय?" म्हटले आणि माझाच आवाज ऐकून दचकलो.

ता. २३
पुन्हा पत्र. सोबत विलायतेच्या छापील नियमांचे पान. या पॉमरेनियन जातीत अंगभर एकच रंग हवा, तांबड्यावर पांढरे म्हणजे दोष. 'मुन्शीजी, चुकून दोषाचे पाठवलेत. शिपाई ते परत आणतो, बिनठिपक्याचे द्यावे.'
घ्या! आमचे लक्षण ती यांची खोट. सखाराम म्हणतो, "काय येडे लोक हायेत! अन् हे राज्य करून राह्यले!" त्याला हसू येते. मला नाही आले.

ता. २४
'पिल्लू मेले' लिहायला बसलो. 'पिल्लू' लिहिले, पुढे हात चालेना. चिंगी मांडीवर. जित्या जिवाबद्दल असे लिहू नये. कागद फाडला. उभ्या नोकरीत खोटा शेरा मारला नाही, आता कुत्रीसाठी... आणि मारला तर कोण विचारणार आहे? दिवसभर कोणाशी बोललो नाही. बोलायला होते कोण.

ता. २८
दुपारी शिपाई आला. टोपलीत चांदवाले, कुडकुडत, आईसाठी रडते आहे. त्याचा बिचाऱ्याचा काय गुन्हा? चिंगी माझ्या मागे दडली.
शिपाई आपल्या चिखलीकडचाच. म्हणाला, "काऊन एवढा इचार करता बाबूजी? हे ठेवा, ते द्या. कुत्र्याच्या बदली कुत्रं. तुमचं काय गेलं?"
ही गेली तेव्हा तेराव्यालाच लोक म्हणाले होते, "दुसरी करा."
भाकरी टाकल्या, शिपायाला वाढले. दोन्ही पिल्लांना एकाच ताटलीत दूध दिले. मोटार उद्या सकाळी आठची. शिपाई ओसरीवर बसून मी काय सांगतो याची वाट पाहतो आहे.