कोट ज्याच्या मापाचा, घर त्याचे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्यांत, पूर्ण शुद्धीवर असताना व स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करते. कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे होते, त्यांची हकीकत पुढे येईल. माझ्या डोक्याबद्दल ज्याला शंका असेल त्याने डॉक्टरीणबाईंना विचारावे.

१. दुकान व माडी वडिलांनी माझ्या नावावर करून दिली. माझ्या पश्चात ती समोरच्या सायकलवाल्याला मिळावी. बेचाळीस वर्षे तो माझ्याबरोबर राहतो. आमचे लग्न झालेले नाही. मागच्या महिन्यात थोरल्या दादाचा मुलगा, माझा भाचा, जिन्यात उभा राहून म्हणाला, "आत्या, उद्या तू नसलीस तर हा माणूस इथे कोण म्हणून राहणार?" त्याला तोंडी दिलेले उत्तर लिहिण्यासारखे नाही. म्हणून हे लिहिते.

२. मी एकोणतीस वर्षांची असताना थोरल्या दादाने माझे लग्न शाळेतल्या मास्तरांशी ठरवत आणले. मास्तर मला आवडत, हे कबूल करते. ते पुस्तके आणून देत आणि वाचली का म्हणून कधी विचारत नसत. सायकलवाला माझ्या मशीनचा पट्टा तुटला की येऊन बसवून जाई आणि जाताना माझ्या काजांना नावे ठेवी. तोही आवडे. सहा महिने माझा पाय दोन्ही दगडांवर होता. शेवटी दादाने मास्तरांचा लग्नाचा कोट माझ्याकडेच शिवायला टाकला.

मापाची चिठ्ठी डोळ्यांसमोर टांगलेली होती. तरी मास्तरांनी कोट घातला तर खांदे दोन्हीकडून ओघळलेले आणि बाह्या मनगटाच्या चार बोटे वर. दादा संतापला. मास्तर आरशात पाहत म्हणाले, "दादा, तिला बोलू नका. हा कोट समोरच्या दुकानात नेऊन घालून बघा."

सायकलवाल्याचे माप मी जन्मात घेतलेले नव्हते. कोट त्याला एक टाकाही न उसवता बसला. मन ठरवत बसले होते, तोवर हाताने कापड बेतूनही टाकले होते.

३. मग दादा म्हणाला, "सायकलवाल्याशीच लग्न लावून देतो, पण आधी दुकान माझ्या नावावर कर." मी म्हटले, "नवरा मी निवडलाय. त्याची जकात तुला का देऊ?" आम्ही परस्पर लग्न करू शकलो असतो. पण मला राग आला होता, आणि माझा राग टिकाऊ असतो. सायकलवाला आपली पत्र्याची पेटी घेऊन माडीवर आला. गावाने तोंडे वाकडी केली. तीन वर्षांनी कपडे दुसरीकडे बिघडले, तशी गिऱ्हाइके मुकाट परत आली.

४. शिलाई मशीन व मोठी कात्री भाच्याच्या मुलीला द्यावी. ती बापाची नजर चुकवून माझ्याकडे शिकायला येते. कात्रीने तिने कागद कापू नये. भाच्याला काही नाही. त्याला विसरले असे कोणी समजू नये, आठवणीने वगळले आहे.

५. गेल्या आठवड्यात सायकलवाला म्हणाला, "चल, आता तरी कचेरीत जाऊन सह्या करू. म्हणजे मला कोणी हुसकणार नाही." हा माणूस भ्यालेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि ते मला सहन झाले नाही. मी म्हटले, "बायको गेली की घर कुठल्याही नवऱ्याला आपोआप मिळतं. मला आपोआप द्यायचं नाही. मी तुला निवडून देतेय." त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

याला ज्याची हरकत असेल त्याने मी जिवंत आहे तोवर येऊन तोंडावर सांगावे. दुकान नऊ वाजता उघडते.

ठिकाण: दुकान, बेतायच्या टेबलाजवळ.
शनिवार, चौदा तारीख, सकाळचे दहा.

सही: शिंपीणबाई

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. तपासले. नाडी माझ्यापेक्षा बरी आहे.

साक्षीदार दुसरे: मास्तर, निवृत्त. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. तेव्हाही होत्या.