खिडकीच्या टेबलासाठी एक स्टार

१ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस मी विसरणार नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलातलं खिडकीचं टेबल, जिथे मी आणि ही दर शनिवारी बसत आलो, ते आज परक्यांना दिलं गेलं. चौघे होते. जेवत नव्हते, सुपाचे फोटो काढत होते.

मालकाला जाब विचारला. म्हणाला, लेकीने नवी पद्धत केलीय, आता बुकिंग लागतं. पण तुम्ही काय घरचेच, कुठेही बसाल. घरच्या माणसाला हात धुवायच्या बेसिनशेजारचं टेबल मिळालं. येणारा जाणारा माझ्या खांद्यावर हात झटकत होता.

हे हॉटेल मी घडवलं. सूप पातळ असायचं तेव्हा बोललं कोण? मी. बटाटे मऊ पडायचे तेव्हा वेटरकरवी आचाऱ्याला निरोप कोणी धाडला? मी. आचाऱ्याचा उलट निरोप इथे लिहिण्यासारखा नाही.

निषेध म्हणून पुडिंग मागवलं नाही. अर्धं खाल्लं, पण ते हिने मागवलेलं होतं.

संकल्प: या हॉटेलची पायरी पुन्हा चढणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

नुसतं न जाणं म्हणजे मुकी चळवळ. चळवळीला शब्द हवा. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात मी आयुष्य काढलं. लोकांच्या तक्रारी वाचल्या, कपाटात लावल्या. तक्रार कशी असावी हे माझ्याइतकं कोणाला कळणार? रिव्ह्यू लिहायचा. एक स्टार.

मेहुण्याला बोलावलं. तो चष्म्याच्या दुकानात असतो, फोनवर बोटं भराभर चालतात. मी सांगायचं, त्याने टाइप करायचं. बोलताना मला दोन्ही हात मोकळे लागतात.

मजकूर इथे उतरवून ठेवतो, पुढे लागेल:

“सूप इतकं दाट की चमचा उभा राहतो आणि त्याला लाज वाटत नाही. बटाट्याच्या फोडी वरून अशा कुरकुरीत की समोरच्याचं बोलणं ऐकू येऊ नये, आणि आतून लोण्यासारख्या मऊ. हा सरळसरळ दुटप्पीपणा आहे. गरम पावावरचं लसणीचं लोणी ही उघड लाच आहे. पहिल्याच घासाला ते माणसाची विवेकबुद्धी विकत घेतं. इथे बसलेला माणूस घर विसरतो, वेळ विसरतो, डॉक्टरांनी सांगितलेलं विसरतो. नागरिकांनो, सावध राहा.”

सांगून झालं तेव्हा मेहुण्याने दोनदा आवंढा गिळला. मजकूर भिडला. हिने आतून विचारलं, कालचा पाव शिल्लक आहे का. बायकांना प्रसंगाचं गांभीर्य नसतं.

मेहुणा म्हणाला, भावोजी, नावाचं काय करू? मी म्हणालो, सत्याला नाव लागत नाही. त्याने मान डोलावली आणि बटण दाबलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वणवा पेटला. मेहुणा सांगतो, रिव्ह्यूखाली लोकांचे अंगठेच अंगठे. जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसातल्या कॅशिअर बाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला. सगळा विभाग डबे बंद करून ऐकत होता. मग बाईंनी विचारलं, हे हॉटेल नेमकं कुठे आलं? मी सविस्तर पत्ता सांगितला. कुठे जायचं नाही हे लोकांना नीट कळलं पाहिजे.

लिहिणारा कोण हे सांगितलं नाही. योग्य वेळी कळेल. एका जाहीर सभेत कळलं तर बरं.

८ फेब्रुवारी, शनिवार, सात वाजता

परिणाम पाहायला गेलो. हॉटेलात नव्हे. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर. दारात ही गर्दी. मोर्चा आला, मला वाटलं. माणसं शांत, शिस्तबद्ध, एका ओळीत. डोळे भरून आले. चार शब्द बोलावेत म्हणून रांगेत शिरलो. दाराशी मालकाची लेक वही घेऊन उभी. म्हणाली, काका, किती जण?

माघार घेतली असती तर मागच्या लोकांचं मनोधैर्य खचलं असतं. म्हणालो, एक.

साडेआठ

पुरावा गोळा करायला आत गेलो, बाकी काही नाही. बेसिनचंच टेबल. सूप पूर्वीपेक्षाही दाट. ही चिथावणी आहे. दोन वाट्या तपासल्या.

पलीकडे कॅशिअर बाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, किती वाईट आहे ते बघायला आलो. पाव परत मागवत होत्या. वर म्हणाल्या, लिहिणाऱ्याला जिभेची जाण आहे हो, नाहीतर तुम्ही, इतकी वर्षं येता, कधी एक शब्द सांगितला नाहीत. मी सूचक हसलो. त्यांनी नवऱ्याला विचारलं, यांना काही होतंय का?

संकल्प: पायरीबाबतचा संकल्प आजपासून लागू. मागचं मोजायचं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून येताना पाहिलं. माझा रिव्ह्यू दाराशी बोर्डावर लावलाय. माणसाच्या उंचीचा बोर्ड. “सावध राहा” लाल रंगात. वर लिहिलंय, “आमच्या सर्वांत संतप्त ग्राहकाचे मत. खात्री करून घ्या.” लोक बोर्डाला खेटून स्वतःचे फोटो काढतात आणि आत जातात.

शत्रूने माझीच तलवार माझ्यावर चालवली. मोठमोठ्या वक्त्यांचं असं झालेलं आहे, मी वाचलंय. अक्षर मात्र टपोरं आहे. रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतं. तिथून तीनचारदा वाचून पाहिलं.

खाली लेखकाचं नाव नाही. मालक घाबरला असणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार



ही दुपारीच म्हणाली, मी जरा माहेरी जाऊन येते. जा म्हणालो. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो, ते पाय हॉटेलच्या बाजूला वळले. खिडकीत माझं टेबल. टेबलाशी मेहुणा. मालक स्वतः वाढतोय, कमरेत वाकून. मेहुण्यासमोर पाठमोरी एक बाई, पुडिंग खातेय. तो अंबाडा मी ओळखतो. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी त्याच्या पिना शोधून देतो.

मेहुण्याने काचेतून हात केला, या ना भावोजी. मी काचेला पाठ केली. पाठीमागून मालकाचा आवाज आला, साहेब, आणखी पाव आणू? ते साहेब मेहुण्याला होतं.

हिला घरी विचारलं, हे माहेर का? म्हणाली, भाऊ बसलाय तिथे माहेरच की हो. आणि बोलावलं होतं त्याने, आग्रहाने. नाही कसं म्हणायचं?

१६ फेब्रुवारी, रविवार

मेहुण्याची चौकशी केली. त्याचं म्हणणं: फोन त्याचा, खातं त्याचं, म्हणून खाली नाव आपोआप त्याचं आलं. मालकाच्या लेकीने त्याला शोधून काढलं. दर शनिवारी टेबल राखून ठेवतात. तो म्हणतो, भावोजी, मी तेव्हाच विचारलं होतं नावाचं.

ते मी वाक्य म्हणून बोललो होतो, सूचना म्हणून नव्हे.

मग खरं का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाला, त्यांना वाईट वाटलं असतं. आणि मला? याचा विचार त्याच्या घराण्यात कोणी केलेला नाही. जाताना हिच्या हातात लसणीच्या लोण्याची डबी ठेवून गेला. मी ती रागाने उचलली आणि फ्रिजमध्ये टाकली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अर्धी रजा काढून दुपारी गेलो. सगळं सांगून टाकायचं, टेबल परत घ्यायचं. मालक गल्ल्यावर. म्हणालो, तो मजकूर माझा आहे. मालक म्हणाला, तुम्ही चौथे. कालच एक जण येऊन हेच म्हणाला, त्याला पुडिंग फुकट हवं होतं. मी म्हणालो, मला पुडिंग नको, न्याय हवा. तो म्हणाला, खिडकीतले साहेब इतके साधे, एक शब्द जास्त बोलत नाहीत, आणि लिहितात मात्र असं. तुम्ही, राग मानू नका, बेसिनजवळ बसवलं तरी छान छान म्हणत जेवलात.

मग मी हॉटेलच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. टेबलावर हात टेकला आणि संपूर्ण मजकूर बोललो, हातवाऱ्यांसह, “सावध राहा” पर्यंत. सगळं हॉटेल थांबलं. आचारी झारा घेऊन बाहेर आला. शेवटच्या शब्दानंतर सुन्न शांतता. वक्त्याला आयुष्यात एकदाच मिळते अशी.

मालकाची लेक म्हणाली, काका, किती छान पाठ केलंय तुम्ही.

आचाऱ्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. त्या टाळ्यांतून बाहेर पडायला मला वाट सापडेना.

२२ फेब्रुवारी, शनिवार

विचारांती नवी रणनीती. निंदेने गर्दी होते, तर स्तुतीने हॉटेल ओस पडलं पाहिजे. नियम सरळ आहे. नवीन खातं उघडलं, स्वतःच्या नावाने. दुपारभर स्वतःच्या बोटाने टाइप केलं. पाच स्टार. “सूप चांगले आहे. बटाटे चांगले आहेत. पाव चांगला आहे. टेबले स्वच्छ आहेत.”

मजकुरात जोर नाही हे मला कळतं. चांगल्या गोष्टीबद्दल माझी वाणी फुलत नाही.

ही घरी नाही. कुठे गेली ते विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हॉटेलचं उत्तर आलं: “धन्यवाद. पुन्हा अवश्य या.” हेच उत्तर त्यांनी वरच्या एका टॅक्सीवाल्यालाही दिलंय, ज्याने नुसता अंगठा टाकला होता. गर्दी तसूभर कमी नाही. माझ्या रिव्ह्यूला एक पसंती मिळाली. बटण चालतं का पाहायला मीच दाबलं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

संकल्प: अन्यायाशी दुरून लढता येत नाही. आतून लढायचं. खिडकीतून हॉटेलचा सगळा कारभार दिसतो. म्हणून ते टेबल हवं, पुडिंगसाठी नव्हे.

संध्याकाळी फोन केला. शनिवारचं खिडकीचं टेबल पाहिजे म्हणालो. मालकाची लेक म्हणाली, ते राखीव असतं, नाव काय? मग मेहुण्याचं नाव सांगितलं. तिचा आवाज एकदम बदलला. साहेब, तुमचंच आहे ते टेबल, बुकिंग कशाला, नेहमीसारखे तुम्ही आणि ताई ना?

म्हणालो, हो. आणि आणखी एक खुर्ची लावा.

कोण येणार आहे, तिने विचारलं. लिहून ठेवते.

म्हणालो, कोणी नाही. नात्यातले एक आहेत.