पांढरे धागे

गुरुवार, संध्याकाळ

दादाला मी मारलं. सख्ख्या मोठ्या भावाला.

दुपारी शिर्के आमच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये आला; गाड्यांचे कार्बन फायबरचे भाग बनवतो आम्ही तिथे. रॅलीत गाडी पळवतो तो. त्याने तुटलेलं बॉनेट माझ्या पायाशी आपटलं. रविवारी त्र्यंबकच्या रस्त्यावर भरधाव गाडीचं हे बॉनेट उखडलं आणि काच फोडून आत घुसलं. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा डोळा गेला.

"हे तुमचं कार्बन फायबर?" तो ओरडला.

स्टिकर आमचाच होता. मी तुटलेली कड बघितली. आत पांढरे धागे! खरं कार्बन आतपर्यंत काळंच असतं. हे साधं फायबरग्लास, वरून कार्बनच्या विणीची छापील फिल्म. असला माल मी कधीच बनवला नाही. विक्री दादा बघतो; तो मागेच उभा होता.

"दादा, हे कुठून आणलंस?"

"दिसायला सारखंच आहे की रे. लोकांना काय कळतंय?"

शिर्के त्याच्या अंगावर धावला, पण त्याच्या आधी माझी मूठ पोचली. दादा खाली पडला तरी मी मारतच राहिलो. त्याचं रक्त त्या पांढऱ्या धाग्यांवर उडालं. शेवटी मला मागे ओढलं ते शिर्केनेच. मी कशासाठी मारत होतो? तिच्या डोळ्यासाठी, की माझ्या नावासाठी?

शिर्के पोलिसांत जाणार आहे. दादाविरुद्ध साक्ष देईन, असं मी त्याला सांगितलंय.

जेवताना आईने दादाचा फाटलेला ओठ बघितला.

"जिन्यावरून पडलो," तो म्हणाला, आणि भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.