न्यायाधीशाचं काम

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुमच्या जागेवर आता मी शिकवते. गेल्या महिन्यात डेप्युटीसाहेब तपासणीला आले. म्हणाले, "नाटकाचा तास बंद करा, गणिताला द्या. नाटकानं मुलींचं काय भलं झालं, ते दाखवता येत असेल तर दाखवा." मी म्हटलं, दाखवते. पण दाखवायचं काय? मला स्वतःपुरतं ठाऊक होतं. आमच्या विणकराच्या घरात तेलुगू. मराठी अडखळायची, म्हणून वर्गात मी तोंड उघडत नसे. तरी शाळेच्या नाटकात तुम्ही मलाच न्यायाधीश केलंत. तालमीत मी निकाल वाचते आहे, तुम्ही खोलीच्या टोकाला उभ्या आहात. "भिंतीला सांगतेस का? मला सांग." मी रडते. तुम्ही जवळ येत नाही. "डोळे पूस आणि पुन्हा म्हण." त्या दिवशी तुमचा फार राग आला होता, पण नंतर माझा आवाज कधी अडला नाही.

माझ्या एकटीच्या सांगण्यावर साहेब कसे विश्वास ठेवणार? म्हणून शाळा सुटल्यावर त्या नाटकातल्या मुलींची घरं शोधत हिंडले. आरोपी झालेली आता गिरणीत जाते. "नाटकानं कायबी झालं न्हाय," ती म्हणाली. "त्येच काम, त्योच भोंगा." मी निघाले तशी उंबऱ्यापर्यंत आली. "एकदाच झालं. घरधनी म्हनले, पोरीला शाळा नगं. मी उभी ऱ्हायले नि बोलले की. पोर जाती आता शाळंत." हे नाटकामुळं की तिच्या मुळातल्या धीरामुळं, मला सांगता येत नाही. अहवालात मी तिचं दोन्ही बोलणं लिहिलं. साहेब म्हणाले, "हा पुरावा नव्हे." मी म्हटलं, "मग तालमीला येऊन बसा." ते तीन दिवस येऊन बसले, आणि वर्षभर तास राहू द्या म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा विचारतील. मी पुन्हा घरं हिंडेन.

एक घर मात्र उशिरा सापडलं, सात रस्त्याजवळ. आपल्या नाटकात पडदा ओढायची, त्या मुलीचं. "मला एक वाक्यसुद्धा दिलं नव्हतं," ती म्हणाली, आणि माझं न्यायाधीशाचं सगळं भाषण तिनं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग म्हणाली, "बाईंचं चुकलंच की." मी तुमची बाजू घेतली नाही. "चुकलं," म्हटलं, आणि तेही लिहून साहेबांकडे पाठवलं. यंदाच्या नाटकात प्रत्येक मुलीला बोलायला आहे. तुम्ही असता, तर हे तुमच्या तोंडावर म्हणायचं धाडस मला झालं नसतं.